उसने आकाश, स्वतःचे पंख : सिंगापूरच्या हवाई दलाची घडण

(श्रीपूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,८९५ चौरस किलोमीटर आहे. आग्नेय आशियातील सिंगापूर या सार्वभौम राष्ट्राचे क्षेत्रफळ आहे सुमारे ७३५ चौरस किलोमीटर. म्हणजे एका सोलापूर जिल्ह्यात वीस सिंगापूर सहज मावतील. एकटा माळशिरस तालुकासुद्धा त्या देशाहून मोठा आहे. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ५० किलोमीटर, दक्षिणोत्तर रुंदी २७ किलोमीटरच्या आसपास. पंढरपूरहून सोलापूरला जाणारी एस.टी. याहून अधिक अंतर कापते. आणि एवढ्याशा भूमीवर आज सुमारे ६० लाख लोक राहतात.

या देशाचे हवाई दल आग्नेय आशियातील सर्वांत सुसज्ज हवाई दलांमध्ये गणले जाते. एफ-१५ आणि एफ-१६ जातींची लढाऊ विमाने, हवेत इंधन भरणारी टँकर विमाने, शत्रूची हालचाल दुरून टिपणारी टेहळणी विमाने, अपाची आणि चिनूक हेलिकॉप्टरे, क्षेपणास्त्रांची संरक्षक फळी हे सारे त्याच्याकडे आहे. एफ-३५ या अत्याधुनिक जातीची २० विमाने घेण्याचा निर्णयही त्याने टप्प्याटप्प्याने, २०१९ ते २०२४ या काळात, जाहीर केला.

पैसा असला की विमाने विकत मिळतात, त्यात विशेष ते काय, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु ज्या दिवशी या देशाचा जन्म झाला त्या दिवशी त्याच्यापाशी एकही लढाऊ विमान नव्हते, एकही लष्करी वैमानिक नव्हता आणि फारसा पैसाही नव्हता. तेथून आजपर्यंतची वाटचाल भारतासारख्या विशाल राष्ट्रानेही नीट पाहावी अशी आहे. आणि या वाटचालीच्या आरंभी भारताचाही एक प्रसंग आहे, तो फारसा अभिमानाने सांगण्यासारखा नाही.

तीन मिनिटांचे आकाश

ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडणारे विमान एका मिनिटात १५ किलोमीटर जाते. सिंगापूरच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर पोहोचण्यास त्याला साडेतीन मिनिटेही लागत नाहीत. भारतावर पश्चिमेकडून आक्रमण झाले, तर एखादा वायुतळ मागे हटवता येतो, विमाने मध्य भारतात किंवा दक्षिणेत नेता येतात. याला लष्करी परिभाषेत सामरिक खोली म्हणतात. सिंगापूरपाशी ती शून्य आहे. तेथे मागे हटणे म्हणजे समुद्रात उतरणे. इशारा मिळाल्यानंतर विचार करण्यास वेळच उरत नाही. म्हणून दूरवर पाहणारे डोळे आणि सदैव सिद्ध असलेली विमाने ही त्या देशाची जीवनावश्यक गरज आहे.

ही गरज सिंगापूरला इतिहासाने फार मोठी किंमत घेऊन शिकवली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश साम्राज्याने सिंगापूर हा अभेद्य किल्ला असल्याचा गाजावाजा केला होता. मोठा नाविक तळ बांधला, प्रचंड तोफा बसवल्या. पण आकाश मोकळे राहिले. मलायात ठेवलेली ब्रूस्टर बफेलो जातीची विमाने जपानी विमानांपुढे टिकणारी नव्हती. ८ डिसेंबर १९४१ रोजी पहाटे शहरावर पहिले बॉम्ब पडले. १० डिसेंबरला 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या दोन बलाढ्य युद्धनौका, डोक्यावर एकही स्वकीय विमान नसताना, जपानी विमानांनी बुडवल्या. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी जनरल पर्सिव्हल यांनी शरणागती पत्करली. सुमारे ८० हजार सैनिक युद्धकैदी झाले. त्यांत हिंदी जवानांचा भाग फार मोठा होता. परक्याच्या साम्राज्यासाठी लढणाऱ्या आणि परक्याच्या निष्काळजीपणामुळे कैदेत पडलेल्या याच जवानांमधून पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली तीही सिंगापुरातच.

सिंगापूरच्या राज्यकर्त्यांनी त्या दिवसाची आठवण पुसू दिली नाही. १५ फेब्रुवारी हा दिवस तेथे 'संपूर्ण संरक्षण दिन' म्हणून पाळला जातो. आपले रक्षण दुसरा कोणी करील या समजुतीवर राहिलेल्यांचे काय होते, हे दर वर्षी नव्या पिढीला सांगितले जाते. पराभवाचा दिवस पाळण्यास मोठे मन लागते.

१९६५ ची विनंती

९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियापासून विभक्त झाले. हे स्वातंत्र्य लढून मिळालेले नव्हते. ते जवळजवळ गळ्यात येऊन पडले होते. उत्तरेला मलेशिया, दक्षिणेला इंडोनेशिया, दोघांशी संबंध ताणलेले. सैन्य म्हणावे तर पायदळाच्या अवघ्या दोन पलटणी. या अवस्थेत पंतप्रधान ली क्वान यू यांनी साहाय्यासाठी ज्या देशांकडे पाहिले त्यांत भारत अग्रभागी होता. नव्या पलटणी उभ्या करण्यासाठी लष्करी सल्लागार द्यावेत, अशी विनंती त्यांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना केली. तशीच विनंती इजिप्तच्या नासर यांनाही केली. दोन्हीकडून शुभेच्छा आल्या, लष्करी साहाय्य आले नाही. पुढे ली यांनी आपल्या आठवणींमध्ये हे स्पष्टपणे नमूद केले.

भारताची त्या वेळची परिस्थितीही लक्षात घेतली पाहिजे. त्याच ऑगस्ट महिन्यात काश्मीरमध्ये पाकिस्तानी घुसखोरी सुरू झाली होती. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी क्षणाचा विलंब न लावता वायुसेनेला हल्ल्याची अनुमती दिली आणि त्याच सायंकाळी भारतीय विमाने झेपावली. स्वतःच्या घराला आग लागलेली असताना दूरच्या घरी माणसे पाठवणे अवघड असते. मलेशियाशी असलेल्या मैत्रीचाही विचार दिल्लीला करणे भाग होते. तरीही एक गोष्ट उरतेच. ज्या प्रदेशाशी भारताचे नाते सहस्रावधी वर्षांचे, ज्याचे नावच मुळी 'सिंहपूर' या संस्कृत शब्दावरून आले, तेथील एका नवजात राष्ट्राने हात पुढे केला होता, आणि तो रिकामा परत गेला. त्यानंतर सिंगापूर इस्रायलकडे वळले. इस्रायली सल्लागार आले. शेजारच्या मुस्लिमबहुल देशांत क्षोभ होऊ नये म्हणून त्यांना 'मेक्सिकन' म्हटले जाई.

आठ सेस्ना विमाने

हवाई दलाची निकड मात्र वेगळ्या कारणाने आली. जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनने जाहीर केले की सुएझच्या पूर्वेकडील आपले सैन्य १९७१ च्या अखेरीपर्यंत मागे घेतले जाईल. सिंगापूरचे आकाश तोवर ब्रिटिश वायुसेना सांभाळत होती. शिवाय ब्रिटिश तळांवर देशाच्या अर्थव्यवस्थेचा सुमारे पाचवा हिस्सा अवलंबून होता. संरक्षण आणि पोट, दोन्हींवर एकाच वेळी घाला आला.

संरक्षण खात्याची पायाभरणी केली ती गोह केंग स्वी या गृहस्थांनी. ते अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १ सप्टेंबर १९६८ रोजी 'सिंगापूर हवाई संरक्षण कमांड' स्थापन केली. त्याच सुमारास उमेदवारांची पहिली छोटी तुकडी वैमानिक प्रशिक्षणासाठी ब्रिटनला रवाना झाली. मे १९६९ मध्ये आठ सेस्ना १७२ विमाने आली. ही एका इंजिनाची, हौशी वैमानिकही उडवतात तशी साधी विमाने. त्यांवर पहिले धडे गिरवले गेले. पाठोपाठ स्ट्राइकमास्टर ही प्रशिक्षक विमाने आली आणि १९७० पासून हॉकर हंटर ही लढाऊ विमाने येऊ लागली. हीच हंटर विमाने भारतीय वायुसेनेतही होती आणि डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवाला येथे त्यांनीच पाकिस्तानी रणगाड्यांची धूळधाण उडवली. ब्रिटिश गेले तेव्हा टेंगा, चांगी, सेलेटार, सेंबावांग या तळांच्या चाव्या सिंगापूरच्या हाती आल्या. १ एप्रिल १९७५ रोजी कमांडचे रूपांतर 'रिपब्लिक ऑफ सिंगापूर एअर फोर्स'मध्ये झाले. सेस्नापासून संपूर्ण हवाई दलापर्यंतचा हा प्रवास सहा वर्षांत झाला.

याच काळात, १९७१ मध्ये, मुलांसाठी 'ज्युनियर फ्लाइंग क्लब' सुरू झाला. विमानाची गोडी शाळकरी वयात लागली तरच वीस वर्षांनी वैमानिक मिळतील, हा त्यामागचा विचार. आजही तो क्लब युवा फ्लाइंग क्लब म्हणून चालू आहे.

जुन्या विमानांचे ओव्हरहॉलिंग

श्रीपूरचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते साखरेमुळे. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटची स्थापना केली आणि येथील माळावर कारखाना उभा राहिला. पुढे याच श्रीपुरात पांडुरंग सहकारी साखर कारखाना चालू लागला. गळीत हंगाम संपला की कारखान्यात काय चालते, हे येथील प्रत्येक घराला माहीत आहे. मिलचे रोलर निघतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, टर्बाइन उघडले जाते. हंगाम किती दिवस अखंड चालणार हे त्या ओव्हरहॉलिंगमध्ये ठरते. हवाई दलाचेही तसेच असते. विमान आकाशात दिसते तासभर, पण त्यासाठी जमिनीवर कितीतरी तास खपावे लागते.

सिंगापूरने हे मर्म आरंभीच ओळखले. १९७२ मध्ये त्याने अमेरिकी नौदलाने काढून टाकलेली सुमारे ४० स्कायहॉक विमाने घेतली. नवी विमाने परवडत नव्हती. पण ही जुनी विमाने तयार स्थितीत न मागता, त्यांतील बहुतेकांची दुरुस्ती आणि फेरजुळणी आपल्या देशात व्हावी, असा आग्रह धरला. त्या निमित्ताने शेकडो तंत्रज्ञ घडले. १९८० च्या दशकात त्या विमानांची जुनी इंजिने कुरकुरू लागली तेव्हा सिंगापूरच्या अभियंत्यांनी त्यांत जनरल इलेक्ट्रिकचे एफ-४०४ जातीचे इंजिन बसवले आणि उपकरणेही बदलली. 'सुपर स्कायहॉक' या नावाने ती विमाने २००५ पर्यंत आघाडीवर राहिली आणि त्यानंतरही काही वर्षे फ्रान्समध्ये वैमानिक घडवत राहिली. भंगारात जाणाऱ्या विमानाने देशाची तीस वर्षे सेवा केली आणि त्यातून एक विमानउद्योग जन्मला. आज जगभरातील प्रवासी विमाने देखभालीसाठी सिंगापूरला जातात, त्याची मुळे या अनुभवात आहेत.

पुढील खरेदीतही घिसाडघाई नव्हती. १९७९ पासून एफ-५, १९८७ पासून टेहळणीची ई-२सी हॉकआय, १९८८ मध्ये पहिली एफ-१६, २००९ पासून एफ-१५. एक पिढी थकण्याच्या आधीच दुसरी दाराशी उभी असे. संरक्षणावरील खर्चात सातत्य राहिले. मंदीच्या वर्षी एकदम कापला नाही आणि तेजीच्या वर्षी एकदम फुगवला नाही.

धावपट्टी आणि चिमणी

सोलापूरकरांना विमान आणि जमीन यांचा संघर्ष चांगला परिचित आहे. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या मार्गात येते, हा वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडली गेली आणि जून २०२५ मध्ये सोलापूर–गोवा विमानसेवा सुरू झाली. एका चिमणीसाठी जिल्हा किती ढवळून निघाला हे सर्वांनी पाहिले.

सिंगापुरात हाच प्रश्न संपूर्ण राष्ट्राला व्यापून आहे. पाया लेबार हा हवाई दलाचा मोठा तळ शहराच्या मध्यभागी आहे. १९८१ मध्ये चांगी विमानतळ सुरू होईपर्यंत प्रवासी विमानेही तेथेच उतरत. त्या तळामुळे आजूबाजूच्या विस्तीर्ण भागात इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. जेथे एक-एक चौरस फूट सोन्याच्या भावाने विकला जातो तेथे हा केवढा त्याग! २०१३ मध्ये सरकारने जाहीर केले की २०३० नंतर हा तळ हलवला जाईल, त्याचा भार चांगी आणि टेंगा हे तळ उचलतील आणि सुमारे ८०० हेक्टर जमीन मोकळी होईल. टेंगाच्या विस्तारासाठी काही शेते हलवावी लागली, काही दफनभूमींतील अस्थींचेही स्थलांतर करावे लागले. पण निर्णय पंधरा-वीस वर्षे आधी जाहीर झाला. ज्यांना हलायचे त्यांना वेळ मिळाला.

तळ मोजकेच असल्याने शत्रूने धावपट्ट्याच उद्ध्वस्त केल्या तर काय, हा प्रश्न होता. म्हणून १९८६ पासून लिम चू कांग नावाच्या सार्वजनिक रस्त्याची तात्पुरती धावपट्टी करण्याचा सराव होतो. दिव्यांचे खांब, बसथांबे, फलक उचलले जातात आणि दोन दिवसांत त्या रस्त्यावरून लढाऊ विमाने झेपावतात. उत्तुंग इमारतींमुळे रडारची दृष्टी अडते, म्हणून २०१४ मध्ये दोरखंडाने बांधलेल्या, आकाशात तरंगणाऱ्या मोठ्या फुग्यात रडार बसवण्याची योजना जाहीर झाली. प्रत्येक अडचणीचे असे शांतपणे उत्तर शोधलेले दिसते.

उसने आकाश

परंतु एका अडचणीला देशाच्या सीमेत उत्तरच नव्हते. वैमानिकाला शिकण्यासाठी आकाश लागते. तीन मिनिटांत संपणाऱ्या आकाशात, त्यातही जगातील अत्यंत गजबजलेल्या प्रवासी विमानतळाशेजारी, युद्धाचा सराव कसा करणार? पूर्वी सिंगापूरची विमाने मलेशियाच्या जोहोर प्रांतावरून उडत. १९९८ मध्ये मलेशियाने ती अनुमती काढून घेतली. शेजाऱ्याच्या मर्जीवर उभी असलेली सोय एका निर्णयाने संपली.

तोवर सिंगापूरने दूरच्या मित्रांचे आकाश मिळवण्यास आरंभ केला होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिअर्स येथे नवशिक्या वैमानिकांचे प्राथमिक शिक्षण होते. क्वीन्सलँडमधील ओकी येथे हेलिकॉप्टरे आहेत. फ्रान्समधील काझो येथे १९९८ पासून प्रगत प्रशिक्षण चालते. अमेरिकेत ॲरिझोना आणि आयडाहो या राज्यांत एफ-१६ आणि एफ-१५ च्या तुकड्या राहिल्या. या हवाई दलाचा तरुण अधिकारी घरापासून हजारो मैल दूर, परक्या देशात, वेगळ्या हवामानात वैमानिक होतो. त्याची बायको-मुलेही वर्षानुवर्षे तेथे राहतात. हा भार आकडेवारीत दिसत नाही.

या मित्रांच्या मालिकेत भारतही आला. ऑक्टोबर २००४ मध्ये ग्वाल्हेर येथे दोन्ही हवाई दलांचा पहिला संयुक्त सराव झाला. ऑक्टोबर २००७ मध्ये झालेल्या करारान्वये पश्चिम बंगालमधील कलाईकुंडा वायुतळावर सिंगापूरची विमाने दर वर्षी काही आठवडे सराव करू लागली. परक्या हवाई दलाला आपल्या भूमीवर अशा दीर्घ मुदतीची सोय देणे भारतासाठी नवे होते. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, सैन्यदलासाठीही तसाच करार झाला आणि त्यामुळे महाराष्ट्राचाही या कथेत प्रवेश झाला. नाशिकजवळच्या देवळालीच्या तोफखाना सराव क्षेत्रावर सिंगापूरचे तोफखान्याचे जवान येऊ लागले. 'अग्नी वॉरियर' या नावाचा हा संयुक्त सराव नोव्हेंबर २०२४ मध्येही देवळालीला झाला.

१९६५ मध्ये जे मागूनही मिळाले नव्हते ते चार दशकांनी बरोबरीच्या नात्याने मिळाले. सिंगापूरला विस्तीर्ण आकाश मिळाले आणि भारतीय वैमानिकांना एफ-१६ विमानांबरोबर प्रत्यक्ष सरावाची संधी मिळाली. पाकिस्तानकडे हीच विमाने आहेत, हे येथे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

घराघरातील सैनिक

१९६७ पासून सिंगापुरात तरुणांना सक्तीची सैनिकी सेवा आहे, आज ती दोन वर्षांची आहे. श्रीमंताचा मुलगा आणि टॅक्सीचालकाचा मुलगा एकाच बराकीत झोपतो. चिनी, मलय, तमिळ अशा भिन्न वंशांच्या आणि भाषांच्या तरुणांना एकत्र आणणारे ते सर्वांत मोठे साधन ठरले. वैमानिक हे पूर्णवेळ अधिकारी असतात. पण तळांचे संरक्षण, धावपट्टीची तातडीची दुरुस्ती, अशी अनेक कामे या सैनिकांच्या आणि राखीव दलाच्या बळावर चालतात. त्यामुळे हवाई दलाविषयीची आस्था केवळ संचलन पाहण्यापुरती उरत नाही. प्रत्येक घरात कोणी ना कोणी गणवेश घातलेला असतो.

अपघातांविषयीची वृत्तीही पाहण्यासारखी आहे. ८ मे २०२४ रोजी टेंगा तळावर उड्डाण करताच एक एफ-१६ विमान कोसळले. वैमानिक सुखरूप बाहेर पडला. त्या जातीच्या विमानांचे प्रशिक्षण थांबवण्यात आले, काही दिवसांतच कारण शोधून जनतेला सांगण्यात आले. विमानाच्या नाकाची वर-खाली होण्याची गती मोजणाऱ्या तीनपैकी दोन जायरोस्कोपांनी एकाच वेळी चुकीची माहिती दिली होती. दोष यंत्रात आहे की माणसात, हे लपवून ठेवण्याने सैन्याची प्रतिष्ठा वाढत नाही, हा यातला धडा.

या हवाई दलाच्या मर्यादाही आहेत. त्याने मोठे युद्ध लढलेले नाही, त्यामुळे त्याची खरी कसोटी लागलेली नाही. शस्त्रसामग्रीसाठी ते अमेरिकेवर फार अवलंबून आहे. आणि छोट्या, श्रीमंत देशात जे शक्य होते ते १४० कोटींच्या देशात जसेच्या तसे करता येत नाही. ली क्वान यू आपल्या देशाची तुलना विषारी कोळंबीशी करीत. मोठा मासा तिला गिळू शकतो, पण गिळल्यावर त्याला ते पचत नाही. भारताला कोळंबी होण्याचे कारण नाही. त्याची भूमिका आणि जबाबदारी वेगळी आहे.

भारतासाठी प्रश्न

तरीही तुलना टाळता येत नाही, ती वेळेच्या संदर्भात. भारतीय वायुसेनेच्या वैमानिकांसाठी प्रगत जेट प्रशिक्षक विमान हवे, अशी शिफारस ला फॉन्टेन समितीने १९८२ मध्ये केली. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये आणि शेजारच्या बिदर येथील तळावर ती दाखल झाली २००८ मध्ये. शिफारस ते विमान, २६ वर्षे! या काळात किती तरुण वैमानिक साध्या प्रशिक्षक विमानावरून थेट मिग-२१ वर गेले आणि किती घरांत त्यांचे केवळ छायाचित्र उरले. मिग-२१ हे विमान वाईट नव्हते. नाशिकजवळच्या ओझर येथे ते घडवण्यात महाराष्ट्राचे हात लागले आणि १९७१ च्या युद्धात त्याने पराक्रम गाजवला. पण १९६३ मध्ये आलेले ते विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढला निवृत्त झाले. मंजूर संख्या ४२ स्क्वॉड्रनची असताना त्या दिवशी वायुसेनेकडे २९ उरल्या.

त्यांची जागा घ्यायची आहे स्वदेशी तेजसने. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजस मार्क-१ए विमानांची मागणी नोंदवली गेली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या कारखान्यात घडलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने आकाशात झेप घेतली, हा महाराष्ट्रासाठी आनंदाचा दिवस होता. परंतु ही विमाने वेळेवर न मिळण्याचे एक मुख्य कारण म्हणजे अमेरिकेतून इंजिने उशिरा येणे. ते इंजिन आहे एफ-४०४, म्हणजे सिंगापूरने १९८० च्या दशकात आपल्या जुन्या स्कायहॉकमध्ये बसवलेल्या इंजिनाच्याच कुळातले. सिंगापूरने इंजिन विकत घेतले, स्वतः बनवले नाही. भारताला मात्र ते स्वतः बनवण्यावाचून गत्यंतर नाही. १८० विमानांचे बळ परक्याच्या कारखान्यातील वेळापत्रकावर टांगून ठेवणे या राष्ट्राला परवडणारे नाही.

वायुसेनेची उणीव वायुसेनेत निर्माण होत नाही. ती मंत्रालयातील फायलींत, पुढे ढकललेल्या निर्णयांत आणि संरक्षणाविषयी उदासीन असलेल्या समाजात निर्माण होते. सिंगापूरमध्ये अर्थशास्त्रज्ञाने संरक्षण खाते उभारले, अभियंत्याने जुने विमान नवे केले, नागरिकाने घरासमोरचा रस्ता धावपट्टीसाठी दिला. भारतातील महाविद्यालयांत एनसीसीची हवाई शाखा आहे, तंत्रनिकेतने आहेत, ओझरसारखे कारखाने आहेत. ग्रामीण भागातील मुलासाठी त्यांची वाट मोकळी आहे. नांदेड जिल्ह्यातील एका खेड्याशी नाते असलेले विवेक राम चौधरी २०२१ ते २०२४ या काळात वायुसेनाप्रमुख होते, हे विसरता कामा नये.

एप्रिल २०२१

शेवटी एका वेगळ्या प्रसंगाची आठवण करणे उचित होईल. या हवाई दलाने युद्ध लढले नसले, तरी संकटात ते धावले आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातील आचे प्रांतात त्याची चिनूक हेलिकॉप्टरे अन्न-औषधे घेऊन पोहोचली. २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना वादळ आले तेव्हा प्रशिक्षणासाठी तेथे असलेल्या सिंगापूरच्या चिनूक तुकडीनेही मदतकार्यात भाग घेतला. उसन्या आकाशाचे ऋण तिने असे फेडले.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत भारतात प्राणवायूसाठी हाहाकार माजला होता. सोलापूर जिल्ह्यातही एका खाटेसाठी, एका सिलिंडरसाठी रात्र रात्र फिरलेली माणसे आहेत. शेजारच्या धाराशिव साखर कारखान्याने तेव्हा आपल्या इथेनॉल प्रकल्पात प्राणवायू निर्माण करून दाखवला. त्याच दिवसांत भारतीय वायुसेनेच्या विमानांनी सिंगापूरहून प्राणवायूच्या मोठ्या टाक्या आणल्या. आणि २८ एप्रिल रोजी सिंगापूर हवाई दलाची दोन सी-१३० विमाने २५६ ऑक्सिजन सिलिंडर घेऊन पश्चिम बंगालमध्ये उतरली.

१९६५ मध्ये ज्या राष्ट्राला भारताकडून केवळ शुभेच्छा मिळाल्या होत्या त्याची विमाने भारतीयांसाठी श्वास घेऊन आली होती. २५६ सिलिंडर ही संख्या भारताच्या गरजेपुढे लहान होती. पण देण्यासाठी आधी आपल्यापाशी असावे लागते. विमान, वैमानिक आणि सिद्धता पन्नास वर्षे जपली म्हणून त्या दिवशी ती विमाने तत्काळ उडू शकली. सामर्थ्य उभे करायचे ते केवळ शत्रूला रोखण्यासाठी नव्हे. मित्राची हाक आली असता रिकाम्या हाताने शुभेच्छा पाठवण्याची वेळ पुन्हा येऊ नये, यासाठीही ते उभे केले पाहिजे. हे काम ओझरच्या कारखान्यात, बिदरच्या तळावर आणि श्रीपूरसारख्या गावांतील शाळांमध्ये एकाच वेळी करावे लागेल.